ताईंचा अंगठा

दूध उतू गेलं, बाळानं भोकाड पसरलं आणि ताईंनी फोन उघडला, या तिन्ही गोष्टी एकदमच झाल्या. पहिली ओट्यावरून खाली ओघळली, दुसरी कडेवर आली आणि तिसरीनं ताईंना फडकं शोधता शोधता थांबवलं.

काल संध्याकाळी अभ्यासाच्या ग्रुपवर ‘घुबड’ या टोपणनावाच्या मुलीनं एक उत्तर टाकलं होतं. एक डोळा दुधावर ठेवून ताईंनी ते वाचलं. हायड्रोजन क्लोराइड वायूत निळा लिटमस कागद धरला तर रंग बदलत नाही, असं काहीसं होतं. आम्लाचा वायू आणि लिटमस निळाच? आणि त्या उत्तराखाली ‘बरोबर’चा अंगठा होता. ताईंचा. जो ताईंनी दिलाच नव्हता.

खाली ‘बाटली’ या टोपणनावाच्या पोरानं लिहिलं होतं, ‘ताईंचा अंगठा आला, विषय संपला. फोन आईकडे देतोय.’ मग एकेक करून सगळ्यांनी फोन आपापल्या आयांच्या ताब्यात दिले होते. आणि आज रसायनशास्त्राचा पेपर.

या ग्रुपात ताई शिरल्या त्या शिकवणीच्या सरांमुळे. शाळा अर्ध्यावर सुटली, मग लग्न झालं, मग बाळ झालं, आणि आता त्या बाहेरून परीक्षेला बसत होत्या. सरांनी त्यांना वर्गातल्या पोरांच्याच ग्रुपवर टाकलं. पोरांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं, आणि तेही कुजबुजताना. बाळ झोपलं की ताई फोन तोंडाशी धरायच्या आणि आयनांची देवाणघेवाण अशा आवाजात समजावून सांगायच्या, जणू घरात चोर शिरलाय. पोरांनी त्यांचं नाव कुजबुजताई ठेवलं. ताई कुठल्यातरी मोठ्या वाचनालयात बसून अभ्यास करतात, असा त्यांचा पक्का समज होता.

खरं सांगायचं तर ताईंना त्या पोरांपेक्षा जास्त येत होतं असं नाही. पण एकच धडा रोज तुकड्यातुकड्यांनी, पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागला की तो अंगात मुरतो. हळूहळू प्रथाच पडली. कुणीही प्रश्न टाकायचा, कुणीही उत्तर लिहायचं, पण ताईंचा अंगठा पडल्याशिवाय ते कुणी पाठ करायचं नाही. आणि ताईंनी स्वतः एक नियम घालून दिला होता. परीक्षेच्या फाटकाशी लोक घाबरून एकमेकांची उत्तरं बिघडवतात. म्हणून तिथे कुणीही काहीही सांगो, अगदी मी सांगितलं तरी, ऐकायचं नाही. अंगठा तो अंगठा.

हा नियम आज आपल्याच गळ्यात पडणार आहे, हे ताईंच्या लक्षात यायला अजून अवकाश होता.

त्यांनी एकेकाला फोन लावून पाहिला. सगळे बंद. दुरुस्तीचा निरोप पाठवला, तो तसाच पडून राहिला. वर सरांनीही सांगून ठेवलेलं, लिटमसचा प्रश्न यंदा येणारच, कारणासकट येणार. आपल्या अंगठ्यापायी सात-आठ लेकरं चुकीचं लिहून येणार, या विचारानं ताईंना स्वतःचं काहीच आठवेना. बाटली गेल्या वर्षी याच विषयात नापास झाला होता. या वर्षीही गेला तर वडील त्याला शाळेतून काढून दुकानात बसवणार होते. हे त्यानं एकट्या ताईंना सांगितलं होतं.

सासूबाई आणि बाळ रिक्षातून बरोबर निघाले. पेपर होईपर्यंत सासूबाई बाळाला घेऊन बाहेर थांबणार, असं आधीच ठरलेलं.

“आई, काल माझा फोन कुणाकडे होता?”

सासूबाईंनी रस्त्याकडे पाहत बाळाचं टोपरं उगाच नीट केलं. “तू पुस्तकावर डोकं टेकून झोपली होतीस. हा किरकिर करायला लागला. म्हटलं, घटकाभर पडू दे बिचारीला. दिला मग याच्या हातात. चावत बसला होता गुणाचा. दात येतायत ना.”

त्या घटकाभर झोपेवर तर आज ताई उभ्या होत्या.

“का गं? काही बिघडलं का?”

“त्यानं अंगठा दिला, आई.”

“अंगठा?” सासूबाईंनी विचार केला. “तुम्ही शिकलेली माणसं अजून अंगठेच देता होय? मग मीच काय वाईट होते.”

फाटकाशी मुलांची ही गर्दी. ताईंना एकाचाही चेहरा ठाऊक नव्हता, ठाऊक होते ते आवाज. बाळ कडेवर घेऊन त्या एकेका घोळक्यामागे कान देत हिंडू लागल्या. एका रखवालदारानं विचारलं, “बाई, कुणाला शोधताय?” “घुबडाला,” ताई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

अखेर भिंतीजवळ एक घसा बसलेला आवाज संयुजा म्हणत होता. बाटलीच तो. शेजारी मोठ्या डोळ्यांची एक मुलगी नखं खात उभी होती.

“अरे, ते लिटमसचं उत्तर चुकलंय,” ताई धापा टाकत म्हणाल्या.

घोळका वळला. बाळाला कडेवर घेतलेली ही कोण बाई आणि आपल्या लिटमसशी हिचा काय संबंध, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं.

“मी ताई. ग्रुपवरची.”

“ताई अशा बोलत नाहीत,” बाटली म्हणाला.

ताई थोडं वाकल्या आणि कुजबुजल्या, “बाटल्या, तुला संयुजा कुणी शिकवली रे?”

बाटलीच्या हातातली पट्टी खाली पडली. “ताई,” तो म्हणाला, आणि मग बाळाकडे बघत, “आणि हे?”

“हे वाचनालय,” ताई म्हणाल्या. “ऐका. तो अंगठा चुकून पडला. लिटमस लाल होतो. आम्ल आहे ते. लाल लिहा.”

“पण ताई,” घुबडाचा आवाज मांजराएवढा होता, “मी तर कोरडा...”

घंटा झाली. रखवालदारानं सगळ्यांना आत लोटलं. ताईंनी बाळ सासूबाईंकडे दिलं. त्यानं जाताना ओल्या हातानं त्यांचा गाल पुसला.

पेपर हातात आला. प्रश्न होताच, सरांनी सांगितल्याप्रमाणे. ‘कोरड्या हायड्रोजन क्लोराइड वायूत कोरडा निळा लिटमस कागद धरल्यास काय होईल? कारण द्या.’

ताईंनी पेन टेकवलं, ‘लाल’ लिहायला घेतलं आणि ‘कोरडा’ या शब्दावर त्या थांबल्या. गालावर बाळाची लाळ अजून ओलसर होती. ती पुसायला त्यांनी हात नेला, आणि हात तिथेच राहिला. पाणी. पाणीच नाही तर हायड्रोजनचे आयन सुटणार कुठून? आयन नाहीत तर आम्लाचा गुण दिसणार कसा? लिटमस निळाच राहणार. घुबडानं कोरडा लिहिलं होतं. अंगठा बरोबर पडला होता. चुकला होता तो फाटकाशी धावत आलेला शहाणपणा.

त्यांनी उत्तर लिहिलं, कारण लिहिलं, आणि बाकीचा पेपर समोरच्या ओळीतल्या बाटलीच्या पाठीकडे बघत बघत उरकला. त्याचं पेन भराभर चालत होतं. एकदा तो थांबला, डोकं खाजवलं, काहीतरी खोडलं. ताईंच्या घशाला कोरड पडली. आजच्या दिवसात सगळं काही कोरडंच होतं. बोलायची सोय नव्हती. अगदी कुजबुजायचीसुद्धा.

पेपर सुटल्यावर त्या सगळ्यात शेवटी बाहेर आल्या. घोळका बाळाभोवती जमला होता आणि सासूबाई त्यांना दातांची माहिती देत होत्या.

“मी चुकले,” ताई म्हणाल्या. “लिटमस निळाच राहतो. मी तुम्हाला लाल लिहायला लावलं.”

पोरं एकमेकांकडे पाहू लागली.

“आम्ही निळाच लिहिलं,” घुबड म्हणाली.

“सगळ्यांनी?”

“तुम्हीच सांगितलंय ना, फाटकाशी कुणाचं ऐकायचं नाही, तुमचंसुद्धा,” बाटली म्हणाला. “मी आधी लाल लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू. मग खोडलं. म्हटलं, ताई घाबरल्यात, त्यांचं काय ऐकायचं. अंगठा तो अंगठा.”

ताई मटकन पायरीवर बसल्या. हसावं की रडावं ते कळेना. शेवटी त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं, की तो अंगठा त्यांचा नव्हताच, याचा होता.

कुणीच हसलं नाही. पोरांनी बाळाकडे पाहिलं. बाळ आपला अंगठा मुळापर्यंत तोंडात घालून त्यांच्याकडेच पाहत होतं, अगदी गंभीरपणे.

घुबडानं हळूच दप्तरातून पुढच्या पेपरचं, भौतिकशास्त्राचं पुस्तक काढून बाळापुढे धरलं.

“ताई,” ती कुजबुजली, “याला तो अंगठा काढायला सांगा ना जरा.”