पाखरांची लेन्स आणि बाराजणी

मेहुण्यानं दिलेली वस्तू नको म्हणायची नाही, एवढा एक नियम मी लग्नापासून पाळत आलोय. (बाकीचे नियम बायको करते आणि मी मोडतो.) या एका नियमापायीच मी गेल्या दसऱ्याला शेजारणीच्या गच्चीवर, भुईमुगाच्या शेंगांत, सपशेल आपटलो होतो.

विश्वजित हा माझ्या बायकोचा, अंजनाचा, धाकटा भाऊ. मूळचा विट्याचा. विट्याच्या पुष्कळ माणसांसारखा हाही सोनं गाळायच्या धंद्यात शिरला आणि थेट कोइमतूरला जाऊन बसला. श्रावणात त्याचा फोन आला.

"दाजी, नवीन कॅमेरा घेतला. जुना तुमाला पाठवतोय. फुल फ्रेम हाय. लेन्स तेवढी तुमी बघा."

मी 'फुल फ्रेम' एवढंच ऐकलं. फुल फ्रेम म्हणजे कितीही माणसं उभी केली तरी सगळी डोक्यापासून पायापर्यंत मावणार, अशी मी माझ्यापुरती समजूत करून घेतली आणि पुढच्या वाक्याकडे दुर्लक्ष केलं. (पलूसच्या एका सरकारी कार्यालयात तक्रारींचं टेबल माझ्याकडे आहे. पुढच्या वाक्याकडे दुर्लक्ष करण्याचा मला बावीस वर्षांचा अनुभव आहे.) पार्सल आलं, उघडलं, तर कॅमेऱ्याला तोंडच नव्हतं. पुढं नुसतं गोल भोक.

"भावानं मोडका पाठवला का काय?" मी म्हणालो.

"माझ्या भावानं नीट सांगितलं आसंल, तुमी नीट ऐकलं नसंल," अंजना म्हणाली. तिनं हे फोन न ऐकता ओळखलं, यावरून आमच्या संसाराची कल्पना यावी.

आता यात अंजनाचं काय अडलं होतं ते सांगतो. तिचा बाराजणींचा बचत गट आहे. तीन वर्षं या बायका हळद घेतात, वाळवतात, दळतात, चाळतात. आमच्या घरातली मांजरसुद्धा पिवळी झाली आहे. एवढ्या खटपटीनंतर पुण्याच्या एका मोठ्या दुकानाच्या मॅडमनी त्यांची हळद पसंत केली. फक्त एक अट घातली. पाकिटावर छापायला बाराजणींचा, समोर हळदीची रास ठेवून, एक देखणा फोटो पाहिजे. दसऱ्याच्या रात्रीपर्यंत तो मिळाला तर दिवाळीचा माल यांचा, नाहीतर दुसऱ्या गटाचा.

पहिला फोटो मी मोबाईलवर काढून पाठवला होता. मॅडमचं उत्तर आलं, "छान. पण उजवीकडे ते गुलाबी काय आहे?" तो माझा अंगठा होता. त्या दिवसापासून गटात मला 'तेरावी' म्हणतात.

म्हणून अंजना गावातल्या फोटोग्राफरला बोलवायला निघाली होती. मी तिला दारात आडवा गेलो.

"घरात फुल फ्रेम असताना बाहेरचा माणूस कशाला? मी काढतो."

तिनं पायांतल्या चपला काढल्या. मग म्हणाली, "आवं, बाराजणींची तीन वर्षं हायती ह्यात. तुमी मनापासनं करणार आसला तरच हातात घ्या."

 या बाईनं एवढ्या विश्वासानं माझ्याकडे शेवटचं कधी काही सोपवलं होतं, ते मला आठवेना. (गॅस सिलेंडर आणणं धरलं नाही.) आता हा फोटो असा काढायचा की अंजनानं चारचौघींत 'आमच्या ह्यांनी काढला' म्हणून सांगावं, असं मी त्याच क्षणी ठरवलं.

सांगलीत जुन्या लेन्सा विकणारं धनाजीचं दुकान आहे. धनाजीनं स्टूल पुढं केलं आणि विचारलं, "काय काढायचं म्हणतासा?"

"बारा बायका."

"मग ही पस्तीस एमेमची घ्या." त्यानं काउंटरवर एक लेन्स ठेवली. एवढीशी! आमटीची वाटी परवडली. मी ती हातात घेऊन वर-खाली तोलून बघितली. आमच्याकडं विळा घ्या, कोयता घ्या, कुदळ घ्या, हातात तोलल्याशिवाय कोणी घेत नाही. वजन असेल तर माल पक्का, हे मला वडिलांनी शिकवलेलं.

"वजनाला काहीच न्हाई की ओ."

"वजनावर इकत न्हाई सायेब."

तेवढ्यात मला कपाटातली ती दिसली. हातभर लांब, जाडजूड, पुढं थाळीएवढी काच. दोन्ही हातांनी उचलावी लागली. आणि जुनी असल्यामुळं भाव त्या वाटीएवढ्या लेन्सइतकाच!

"ती दीडशे-सहाशे एमेमची हाय," धनाजी घाईनं म्हणाला. "ती लांबच्या पाखरांसाठी. घरगुती कामाची न्हाई."

"त्या झाडावरचं पाखरू दिसतंय का हिच्यातनं?"

"डोळा दिसतोय त्याचा."

"मग बाई दिसायला काय अडचण हाय? बाई पाखरापेक्षा मोठी आस्ती."

या मुद्द्यावर धनाजी निरुत्तर झाला. (तो निरुत्तर झाला नव्हता, थकला होता, हे मला आता कळतं.) त्यानं शेवटचा प्रयत्न केला. "बरं, मग तिपाई तरी न्या, आन् पुढं लावायला ही फिल्टरची काच. भिंगाला कुणाचं बोट लागणार न्हाई."

"काचेवर आणि काच कशाला? भिंगाला बोट कोण लावतंय आमच्यात?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

धनाजीनं मला एक रबरी फुगा फुकट दिला, धूळ उडवायला. फुकट मिळालेला फुगा आणि तोफेएवढी लेन्स घेऊन मी पलूसला आलो तेव्हा स्टँडवर दोघांनी मला "कुठल्या च्यानलचं?" म्हणून विचारलं. मी नुसता हसलो. तसा दिवस पुन्हा येणार नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं पोटाला घालणाऱ्या सगळ्या अवजारांची पूजा असते. माझ्या आईनं, हरणाबाईनं, देवघरासमोर पाट मांडून विळा, कोयता, खुरपं, अंजनाची शिलाई मशीन असं सगळं मांडलं. हळद दळायच्या यंत्राला हार घातला, मोटारसायकलीलाही घातला. मीही मोठ्या अभिमानानं कॅमेरा पाटावर ठेवला. लेन्सवर टोपण घट्ट लावलेलं बघितलं आणि आंघोळीला गेलो.

दसऱ्याला दुपारी चारला बाराजणी नव्या साड्या नेसून आमच्या अंगणात आल्या. मधे हळदीची रास, तिच्याभोवती झेंडूची फुलं. मी अंगणाच्या या टोकाला उभा राहिलो, भिंगाकडं न बघताच टोपण काढलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि मला फक्त एक पिवळसर नाक दिसलं.

नथ असलेलं नाक. ते गटातल्या राहीबाईचं होतं, हे नंतर कळलं.

मी चार पावलं मागं सरलो. दोन नाकं. आणखी मागं सरलो, तर पाठीला कंपाउंड लागलं. कंपाउंडवरून उडी टाकून रस्त्यावर गेलो. आता तिघी दिसायला लागल्या, पण कमरेपर्यंत.

"आवं, कुठं निघालासा?" अंजनानं हाक मारली.

"फोटोचा कोन बघतोय!" मी ओरडलो आणि रस्ता ओलांडला. फुल फ्रेमची माझी समजूत तिथं रस्त्यातच संपली.

रस्त्यापलीकडं मोकळी जागा आणि त्यापलीकडं रंगुबाईचं घर. तिच्या गच्चीवरून बाराजणी मावतील असा मला अंदाज आला. रंगुबाई गच्चीवर शेंगा वाळत घालून राखण करत बसली होती. मी जिना चढून वर गेलो, ती तोफ आमच्या घरावर रोखली, तशी ती ओरडली, "कुणाच्या घरात बघतूयस रं?"

"माझ्याच."

"मग जवळनं बघ की. लग्नाची बायको हाय!"

तिला समजावण्यात वेळ गेला. तोवर ऊन उतरलं होतं आणि सूर्य बरोबर बायकांच्या पाठीमागं आला होता. मी अंजनाला फोन लावला आणि तिकडं स्पीकर लावायला सांगितला. "डावीकडं सरका" म्हटलं की निम्म्या त्यांच्या डावीकडं जायच्या आणि निम्म्या माझ्या डावीकडं, मधे अंजना एकटी हळदीपाशी. तिपाई नव्हती, हात तर भरून आले होते. शेवटी रंगुबाईनंच दया येऊन शेंगांचं अर्धं पोतं कठड्यावर ठेवलं. "ह्यावर टेकव तुजं ते." लेन्स शेंगांत मस्त बसली. मी डोळा लावला.

समोरचं ऊन थेट भिंगावर आलं आणि सगळं धुकं झालं. पिवळं, सोनेरी धुकं. बायका धुक्यात तरंगत होत्या.

मी कॅमेरा उलटा करून भिंगाकडं बघितलं. थाळीएवढ्या काचेवर हळदीची पाच बोटं फिरलेली आणि मधोमध कुंकवाचा ठिपका.

"आई!" मी गच्चीवरून ओरडलो. आई अंगणात खुर्चीवर बसली होती. "भिंगाला हळदीकुंकू कोणी लावलं?"

"मी लावलं!" आईचा आवाज फोनमधून आणि हवेतून असा दोनदा आला. "येवडा मोटा डोळा हाय त्येला. मग टोपनाची पूजा करायची व्हय?"

मी रुमाल काढून पुसलं. कुंकू निघालं, पण आईनं हळद तेलात कालवली होती. ती काही केल्या निघेना, पसरत मात्र गेली. फुकटचा फुगा मारला, तर उपयोग शून्य. सूर्य खाली चालला होता, मॅडमना रात्रीच्या आत फोटो हवा होता. तीन वर्षांची मेहनत, बाराजणी, आणि अंजनानं मला दारात म्हटलेलं ते वाक्य. 

पुन्हा कॅमेरा पोत्यावर टेकवायला मी घाईनं एक पाय मागं घेतला, तो शेंगांवर पडला. शेंगा सरकल्या, मीही सरकलो. पडता पडता मी पोत्याला मिठी मारली, पोतं कठड्यावरून आत आलं, आणि कॅमेरा छातीशी धरून मी शेंगांत बसलो. अंगावर आणखी शेंगा आल्या.

"आगं बया, माज्या शेंगा!" रंगुबाई ओरडली. हे स्पीकरवरून सगळ्या अंगणानं ऐकलं.

बाराजणी हसायला लागल्या. अशा हसल्या की राहीबाई अंजनाच्या खांद्यावर कोसळली, कुणी पदर तोंडाला लावला, कुणी हळदीत हात टेकला. मी बसल्या जागेवरून, कठड्याच्या जाळीतून, निव्वळ रागानं बटण दाबून धरलं. खटाखटा दहा-बारा फोटो निघाले आणि सूर्य घरामागं गेला.

घरी येऊन मी कॅमेरा अंजनाच्या हातात दिला. "फोटोग्राफरला फोन लाव," मी म्हणालो. "माझ्यानं न्हाई झालं. मनापासनं केलं, पण न्हाई झालं."

ती एकेक फोटो बघत गेली. चौथ्या फोटोवर थांबली. मी खांद्यावरून डोकावलो. बाराजणी पोट धरून हसतायत, आणि सगळ्या अंगणात हळद उधळावी तसा सोनेरी उजेड पसरलाय. माझ्या बायकोला मी एवढं मोकळं हसताना फार दिवसांत बघितलं नव्हतं, आणि ती किती छान दिसते हे तर विसरलोच होतो. ते मी तिला तिथल्या तिथं सांगितलं.

"गप बसा," ती म्हणाली, आणि लाजत तोच फोटो पुण्याला पाठवला.

तासाभरात उत्तर आलं. "अप्रतिम! माल पाठवा. आणि तुमच्या फोटोग्राफरना विचारा, हा कुठला फिल्टर आहे?"

अंजनानं ते मोठ्यानं वाचलं. मी घसा साफ केला. तेवढ्यात आई म्हणाली, "सांग त्येस्नी, तेलात कालवल्याली हळद. घरचीच."

दिवाळीच्या आधी छापील पाकिटं आली. पुढं तो फोटो, झकास. मी चष्मा लावला आणि खाली बारीक अक्षरांत वाचलं : 'छायाचित्र : हरणाबाई. जागेचे सौजन्य : रंगुबाईंची गच्ची.'

"आन् माझं नाव?" मी विचारलं. "बटण कोणी दाबलं?"

"बटान काय, रंगुबाईबी दाबंल," आई म्हणाली.

"आवं, तुमचं नाव हाय की," अंजना प्रेमानं म्हणाली. "गटानं एकमतानं घातलंय. मागं बघा."

मी पाकीट उलटं केलं. माझा मोबाईल नंबर होता, आणि त्याच्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं : 'तक्रारीसाठी संपर्क : बाळासो.'