कोशिंबिरीची बदली

गुरुवारी दुपारी काकडीच्या कोशिंबिरीने आमच्या ताटाच्या डाव्या बाजूकडून उजव्या बाजूला बदली मागितली. मी नुकताच पहिला घास आमटीत बुडवला होता. हातातला घास परत ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून तो खाल्ला आणि मग म्हणालो, "कारण सांगा."

माझी अख्खी नोकरी कचेरीत लोकांच्या बदल्या करण्यात गेली. निवृत्तीनंतर हा विषय ताटात येईल असं वाटलं नव्हतं.

"भाऊजी," कोशिंबीर म्हणाली. माझ्या बायकोला, वृंदाला, ती ताई म्हणते. त्या नात्याने मी भाऊजी. "मला चमच्यानं वाढतात आणि पलीकडं बटाट्याच्या भाजीला डावानं. डाव उजवीकडं आणि मी डावीकडं, ही कुठली रीत?"

मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे मला रागच आला. "डावी बाजू तोंडी लावण्यासाठी असते. पूर्वापार."

"तोंडी लावायला लोणचं आहे, चटणी आहे. माझ्यात कच्ची काकडी, दही, दाण्याचं कूट. डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला काय खायला सांगितलंय?"

बाईंनी कच्च्या भाज्या, पालेभाज्या, फळं, चोथा असं बरंच सांगितलं होतं. मी घरी येऊन ते सगळं वृंदाला सांगितलं होतं आणि पुढचं तिच्यावर सोपवलं होतं.

"रविवारपर्यंत निकाल लावा," कोशिंबीर म्हणाली. "नाहीतर मी शेजारी ताम्हाण्यांकडं जाते. तिथं मला वाडगं आहे."

वृंदाची तव्यावरची पोळी करपली. "ती गेली तर मलाही जेवण जायचं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून मी प्रकरण तातडीचं धरलं.

रविवारी जेवणाआधी सुनावणी झाली. अध्यक्षपदी मीठ. ते ताटात वर मधोमध बसतं, ना डावं ना उजवं. शिवाय खाल्ल्या मिठाला जागायचं असतं, त्यामुळे त्याचा निकाल आमच्यावर बंधनकारक. आमची मुलगी केतकी वाढायला हजर होती. फळांना ताटात जागाच नसल्यामुळे पेरू टोपलीतूनच ऐकत होता.

लोणच्याने हरकत घेतली. "आज ही गेली, उद्या चटणी जाईल. मग मी एकट्यानं मुरत बसायचं का?"

"मुरणं हेच आपलं काम आहे," मीठ म्हणालं. हरकत फेटाळली गेली.

मग मिठाने कोशिंबिरीला आणखी काही सांगायचं आहे का असं विचारलं.

"रोज मी उरते. उरलेली मी दुपारभर भांड्यात पडून असते, मला पाणी सुटतं. संध्याकाळी ताई ओट्याशी उभ्यानं मला संपवतात. एवढी वर्षं झाली, आम्ही दोघी एकदाही पंगतीत बसून भेटलो नाही."

वृंदा पदराला हात पुसत राहिली. मला वाईट वाटलं. तिला कोशिंबीर आवडते असं मी इतकी वर्षं समजत होतो.

"पाणी माझ्यामुळे सुटतं," मीठ हळूच म्हणालं. "ते नोंदवून घ्या."

आता माझी सगळी भिस्त बटाट्यावर होती. माझं त्याच्यावर जिवापाड प्रेम. तो जागा सोडणार नाही अशी मला खात्री होती. मी म्हणालो, "सांगा, तुम्ही जाणार का डावीकडे?"

"जाईन की," बटाटा म्हणाला. "साहेब, मी थकलो. रस्सा मी, वडा मी, पराठ्यात मी. माणसं उपास धरतात तेव्हा तरी सुट्टी मिळावी, तर त्या दिवशी दुप्पट काम. डावीकडं चमचाभर काम असेल तर देवच पावला."

दोघांची संमती म्हटल्यावर आपसी बदली होते. नियम मलाच तोंडपाठ होता. मिठाने निकाल दिला: कोशिंबीर उजवीकडे, डावासह, बटाटा डावीकडे, चवीपुरता, घरात यापुढे डावं-उजवं करू नये.

केतकीने हातात डाव घेतला आणि विचारलं, "बाबा, किती वाढू?"

"भाजीइतकी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मी पहिला डाव कर्तव्य म्हणून संपवला. दुसरा मीच मागितला. मधूनच चमचाभर बटाटा जिभेवर ठेवला, तर तो असा लागला की लग्नातसुद्धा कधी लागला नव्हता. केतकी म्हणाली, "आई, तूही बस, नाहीतर तुझ्या वाट्याची राहणार नाही." वृंदाने गॅस बंद केला आणि बसली. पोळ्या गार होत्या. कोणीही तक्रार केली नाही. कोशिंबीर बराच वेळ वृंदाशी काहीतरी बोलत होती. ते बायकांचं बोलणं, मी लक्ष दिलं नाही, पण दोघी हसत होत्या.

संध्याकाळी वृंदा सवयीने ओट्याशी गेली. भांडं रिकामं होतं. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग बाहेर आली आणि माझ्या शेजारी पायरीवर टेकली.

"आता या वेळेला मी करू काय?" ती म्हणाली.

टोपलीतून पेरू खाकरला. इतका वेळ तो थांबून होता. मी त्याला चिरून आणलं, वर तिखट टाकलं आणि अध्यक्षांना बोलावलं.

"इथे मी फक्त पाहुणा," असं म्हणून मीठ फोडींवर येऊन बसलं.