हौसाईचा फोटो आणि बगळेपंतांचा डोळा

मुलांनो, एका जंगलात एक कॅमेरा होता. कुरकुर करू नका. गोष्टीत आधी राजा यायला हवा हे मलाही ठाऊक आहे. या जंगलातही राजा होता, पण त्याचं काम फोटो काढून घेण्यापुरतंच होतं. तेव्हा त्याला बसू दे बाजूला.

कॅमेरा होता गुणाजी अस्वलाचा. मुठीत मावेल एवढा, चपटा, कडेने रंग उडालेला. कुणी सहलीला आलेला माणूस तो दगडावर विसरून गेला होता. बॅटरीचं झाकण वेलीने बांधलेलं होतं. बटण मधाने चिकट झालं होतं, त्यामुळे त्यावर चापट मारावी लागे. चापट बसली की कॅमेरा आधी कुरकुरायचा, मग भिंग बाहेर काढायचा आणि मग ‘टिंग’ करून फोटो काढायचा. फोटोच्या कोपऱ्यात तारीख उमटायची. ती कायम एक जानेवारीच असायची. त्या जंगलात सगळ्यांची बारशी आणि लग्नं एकाच दिवशी झालेली होती आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

फोटो छापून आणायचं काम वानरांकडे होतं. जंगलाच्या फाटकापाशी माणसाचं एक दुकान होतं. दुकानदार जेवायला घरी गेला की वानरं आपलं काम उरकून यायची.

आता त्या जंगलाची एक रीत सांगतो, ती नीट ऐका. कुणी गेलं की त्याचा फोटो उंबराच्या खोडावर लावायचे. भादव्यात एक दिवस सगळे उंबराखाली जमायचे आणि आपापल्या माणसाच्या फोटोपुढे घास ठेवायचे. माणसाच्या म्हणजे जनावराच्या, पण आपलं असलं की माणूसच म्हणायचं. ज्याचा फोटो नाही, त्याच्यापुढे घास नाही. कारण ठेवणार कुठे?

गुणाजीचा बाप कोंडाजी, त्याचा फोटो उंबरावर होता. पण काळं अस्वल, मागे करवंदाची काळी जाळी आणि फोटो काढायला तो कॅमेरा. फोटोत नुसता एक काळा डाग आला होता. पहिली काही वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं, की तो डाग म्हणजे कोंडाजी. मग नवी पोरं आली. एका भादव्यात एका सशाने त्या फोटोला करपलेली भाकरी म्हटलं आणि घास पुढच्या फोटोला ठेवला. गुणाजी तिथेच उभा होता. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात त्याची म्हातारी आई, हौसाई, कानामागे सोनकीचं पिवळं फूल खोवून त्याच्यासमोर येऊन बसली.

“गुणा, माझा येक फोटू काढून ठिव,” ती म्हणाली. “उंबराला लावाया.”

“आई, काहीतरीच काय बोलतेस.”

“काहीतरी न्हाय. गुडघं सांगत्यात मला. काढ तू.”

गुणाजीने कॅमेरा उचलला आणि खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांसमोर बापाचा डाग आला. आईचंही तसंच व्हावं, कुणा सशाने तिला भाकरी म्हणावं, हे त्याला सहन होईना. आईचा केसन्‌केस दिसला पाहिजे असं त्याने मनाशी ठरवलं. विचार चांगलाच होता, मुलांनो. म्हणून तर पुढचं सगळं झालं.

तो सल्ला विचारायला तळ्यावर गेला. तिथे दिनकरपंत बगळे असायचे. कॅमेऱ्यांच्या बाबतीत जंगलात त्यांचा शब्द शेवटचा होता. एका पायावर उभं राहून ते भिंगांविषयी तासन्‌तास बोलायचे. त्यांनी स्वतः आजवर एकही फोटो काढला नव्हता, त्यामुळे त्यांचा एकही फोटो बिघडला नव्हता.

पंतांनी गुणाजीचा कॅमेरा चोचीच्या टोकाने उलटापालटा केला.

“हे खेळणं आहे,” ते म्हणाले. “काळ्या विषयाला याचा उपयोग नाही. तुम्ही मिररलेस घ्या. व्यावसायिक.”

“म्हणजे काय, पंत?”

“आत आरसा नसतो.”

“याच्यात आहे का आरसा?”

पंतांनी पाय बदलला. “याच्यातही नसतो,” ते म्हणाले. “पण त्याच्यात नसतो तो वेगळ्या दर्जाचा नसतो.”

गुणाजीला यातलं काही कळलं नाही, म्हणून त्याचा विश्वास बसला. त्याच्याकडे आग्या मोहोळांचा एक कडा होता, बापापासून चालत आलेला. तो त्याने वानरांच्या मुकादमाला देऊन टाकला. मुकादमाने पाहुण्यांच्या बंगल्यावरून नवा कॅमेरा आणून दिला. चांगला जड, काळा कुळकुळीत, पुढे भोपळ्याएवढं भिंग. गुणाजी त्याला छातीशी धरूनच झोपला.

सकाळी आई फूल खोवून तयार होती. पण पंत म्हणाले, “असं एकदम काढू नका. आधी जुन्या-नव्याची तुलना करायला हवी. नाहीतर नवा किती चांगला आहे हे तुम्हाला कळणार कसं?”

गुणाजीला हे पटलं. कडा देऊन बसल्यावर हे कुणालाही पटतं.

तुलना वारुळापासून सुरू झाली. वारुळाचा एक फोटो जुन्याने, एक नव्याने. पंत दोन्ही फोटो पडद्यावर मोठे करून बघायचे, इतके मोठे की वारूळ नाहीसं व्हायचं आणि मुंगीचा गुडघा उरायचा.

“नव्यात गुडघा आहे,” ते म्हणायचे. “जुन्यात नाही.”

“मग झालं की, पंत. आता आईचा काढतो.”

“झालं कसं? कोपरे बघायचेत.”

मग कोपरे बघितले. मग सावली बघितली. मग पळता ससा, उडती टिटवी आणि तळ्यावरचं धुकं बघितलं. जंगलात दोन तट पडले. एक जुन्याच्या बाजूचा, एक नव्याच्या. रोज तळ्याकाठी भांडणं व्हायची. ज्यांनी आयुष्यात कधी कॅमेरा हातात धरला नव्हता, ते सगळ्यांत मोठ्याने बोलायचे. सांबराच्या घरी बारसं झालं, तेव्हा गुणाजीला बोलावणं आलं. तुलना संपली की येतो, असा त्याने निरोप पाठवला. ते पाडस आता झाडांना शिंगं घासत फिरतं आणि त्याच्या बारशाचा फोटो अजून निघालेला नाही.

इकडे सोनकी संपली. हौसाईने कुर्डूचा तुरा खोवला.

“गुणा, आज काढतोस न्हवं?”

“उद्या, आई. आज शेवाळ आहे.”

कुर्डूही वाळला. थंडी पडली, थंडी सरली. मग पळस फुलला आणि हौसाईने त्याचं केशरी फूल खोवलं. आता तिला गुहेतून बाहेर यायला दुपार व्हायची.

त्या सुमारास पंतांनी जाहीर केलं, की तुलनेचा शेवटचा आणि सर्वांत अवघड टप्पा आला. काळा विषय, भर उजेडात. “तुमच्या मातोश्रींना घेऊन या,” ते म्हणाले.

गुणाजी धावत घरी गेला. हौसाईला त्याने पाठीवर घेऊन आणलं आणि तळ्याकाठच्या दगडावर बसवलं. पंत तिच्या मागे जाऊन उभे राहिले. ते पांढरे असल्यामुळे त्यांच्या अंगावरून उजेड परतून तिच्यावर पडेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

“आधी जुन्याने एक,” ते म्हणाले. “नमुना म्हणून.”

गुणाजीने जुना कॅमेरा धरला आणि बटणावर चापट मारली. काही झालं नाही. दुसरी मारली. कॅमेरा नेहमीसारखा कुरकुरला.

“भूक लागली आसंल त्याला,” हौसाई म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. अस्वलांना वरचे पुढचे दोन दात नसतात, ती फट पुरती दिसली. टिंग.

“झाला?”

“हा नुसता नमुना, आई. खरा आता काढतो.”

त्याने नवा कॅमेरा डोळ्याला लावला. नव्याची करामत अशी, की तो डोळे ओळखायचा. माणसाचे, कुत्र्याचे, मांजराचे आणि पाखराचे. यादीत अस्वल नव्हतं. पडद्यावरचा चौकोन हौसाईच्या तोंडावर थोडा घुटमळला, इकडेतिकडे फिरला आणि मागे जाऊन पंतांच्या डोळ्यावर बसला. चौकोन हिरवा झाला.

“हिरवा झाला, पंत,” गुणाजी म्हणाला.

“मग डोळा पकडलाय त्याने. दाबा.”

गुणाजीने दाबलं. एका दमात चाळीस फोटो निघाले आणि आवाज अजिबात झाला नाही. पंतांच्या मते तो मोठाच गुण होता. हौसाई हसू तोंडावर धरून ‘टिंग’ची वाट बघत बसली.

“कवा काढनार?” तिने विचारलं.

“काढले, आई.”

“आवाज आला न्हाय.”

फोटो उघडून बघितले. चाळीसच्या चाळीस फोटोंत पंतांचा डोळा लख्ख आला होता. हौसाई पुढे धुक्यासारखी पसरली होती.

“पंत, जरा बाजूला होता का?”

“मी हललो तर उजेड बदलेल,” पंत म्हणाले. “जुन्याचा फोटो मी इथे असताना निघालाय. तुलना न्याय्य व्हायला हवी.”

गुणाजीने पुन्हा काढले. पुन्हा डोळा. मग बॅटरी संपली. ती वनरक्षकाच्या चौकीवर भरायला पाठवावी लागली. दुसऱ्या दिवशी ढग आले. तिसऱ्या दिवशीही आले. पंतांनी ढगांत तुलनेला मनाई केली. हौसाई मात्र रोज येऊन दगडावर बसायची, नवं फूल लावून.

“गुणा, त्या टिंगवाल्यानं काढलाय न्हवं?” एकदा तिने विचारलं. “त्योच लाव की.”

“त्यात तू नीट दिसत नाहीस, आई.”

“वळखू येतीया का?”

“येतेस.”

“मग बास की.”

पण गुणाजीला केसन्‌केस हवा होता. “ऊन पडू दे,” तो म्हणाला. “एकच दिवस.”

चौथ्या दिवशी ऊन पडलं. असं स्वच्छ ऊन, की पंत पहाटेपासून एका पायावर तयार होते. गुणाजी आईला आणायला गुहेत गेला. हौसाई कुशीवर निजली होती. फूल तिने आधीच खोवून ठेवलं होतं. गुणाजीने तिला दोनदा हाक मारली. मग तो तिच्याजवळ बसून राहिला, ऊन उतरेपर्यंत.

संध्याकाळी पंत भेटायला आले. त्यांनी मान खाली घातली, सांत्वन केलं आणि म्हणाले, “फार वाईट झालं. तुलना अर्धवट राहिली.”

त्यानंतर गुणाजीने नवा कॅमेरा उघडला. त्यात सहाशे फोटो होते. वारूळ होतं, शेवाळ होतं, मुंगीचे गुडघे होते. आई असलेल्या प्रत्येक फोटोत बगळ्याचा डोळा होता. सगळे बघून झाल्यावर गुणाजी मोठ्याने रडला. एवढं मोठं अस्वल आणि लहान पोरासारखं रडलं. मग त्याने जुना कॅमेरा मुकादमाकडे दिला आणि सांगितलं, “यात आईचा एक आहे. तो छापून आण.”

भादवा आला. हौसाईला घास मधाचाच ठेवायला हवा होता, पण कडा आता वानरांचा होता. गुणाजीने आपल्याच कड्याखाली उभं राहून एक पोळं मागून घेतलं.

उंबराच्या खोडावर, कोंडाजीच्या डागाशेजारी, त्याने आईचा फोटो लावला. फोटोत काळा डागच होता. पण त्या डागात एक केशरी फूल होतं, छातीवरची पांढरी खूण होती आणि हसताना दिसणारी दातांची फट होती. कोपऱ्यात एक जानेवारी होती.

“ही तर हौसाई,” एक मुंगूस लांबूनच म्हणालं. तिला न ओळखणारं कुणी नव्हतं. घास पडत गेले. मग तोच मागच्या वर्षीचा ससा आला. त्याने हौसाईचा फोटो पाहिला, शेजारचा डाग पाहिला आणि थोडा विचार केला.

“हिच्याशेजारी असलाच काळा डाग,” तो म्हणाला. “म्हणजे हे कोंडाजीबाबा असणार.”

आणि कित्येक वर्षांनी कोंडाजीपुढे कुणा परक्याने घास ठेवला. गुणाजी झाडाआड जाऊन डोळे पुसून आला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण तुम्हाला बगळ्याचं काय झालं ते हवं असेल. तो फोटो सगळ्यांना आवडलेला बघून दिनकरपंतांनी तळ्यावर व्याख्यान दिलं. विषय होता, जुन्या छोट्या कॅमेऱ्यांचा अवीट गोडवा. मिररलेसमध्ये भावना येत नाहीत, असं आपण पहिल्यापासून सांगत होतो, असं ते म्हणाले. आता तरुण वानरं जुने कॅमेरे शोधत हिंडतात. ज्यांना मिळत नाहीत, ते नव्याच्या भिंगाला मध फासतात.

पंतांनी आपल्या डोळ्याचा तो फोटो आधीच मोठा करून घेतला आणि स्वतःच उंबरावर लावून टाकला. पुढची सोय म्हणून. फोटो इतका स्वच्छ आहे, की पापणीची शीर मोजता येते. दर भादव्यात पंत त्याच्याशेजारी उभे राहतात. पोरं येतात, फोटोकडे बघतात आणि हे बटण कुणाच्या सदऱ्याचं, असं एकमेकांना विचारून पुढे जातात.

तात्पर्य : घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो काढण्यापूर्वी दोन कॅमेऱ्यांची तुलना अवश्य करावी. त्या निमित्ताने एखादा तरी फोटो निघतो.