गुरुजींच्या दारापर्यंतचा रस्ता

या वर्षी वारुलेगीचा रस्ता होणार म्हणजे होणार, असं तुकिरान सरपंचाने चहाच्या टपरीवर छातीवर हात ठेवून सांगितलं, तेव्हा कोणी मानसुद्धा वर केली नाही. हेच वाक्य तो दरवर्षी म्हणायचा. दरवर्षी तालुक्याच्या बैठकीत वारुलेगीचा रस्ता मागितला जायचा, टाळ्या पडायच्या, डब्यातला खाऊ वाटला जायचा आणि सगळे आपापल्या गावी परत. त्या जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या जावा बेटावर, रस्ता कसा होतो हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. बुपाती म्हणजे जिल्ह्याचे निवडून आलेले धनी. त्यांची गाडी ज्या रस्त्याने जाणार, तो रस्ता आदल्या आठवड्यात गुळगुळीत होतो. ज्या रस्त्याने जात नाही, त्याच्या खड्ड्यांत लोक वैतागून केळी लावतात. वारुलेगीच्या केळींना दोनदा घड येऊन गेले होते.

पण या खेपेला तुकिरानच्या हाती हुकमाचं पान होतं. प्राविरो गुरुजी मरायला टेकले होते.

गुरुजींनी बुपातींना तिसरीत शिकवलं होतं. बुपाती हे प्रत्येक भाषणात सांगायचे. "प्राविरो गुरुजींनी मला एका पायावर उभं केलं, म्हणून आज मी दोन्ही पायांवर उभा आहे," असं म्हणून ते रुमाल डोळ्यांना लावायचे. अशा गुरूच्या दफनाला शिष्य येणार नाही तर कोण येणार? आणि यायचं तर त्या केळींतून कसं येणार? तुकिरानने नवा शर्ट घातला, मोटरसायकल काढली आणि जिल्ह्याच्या बांधकाम खात्यात सुदिब्यो साहेबांसमोर जाऊन बसला.

"आजारी म्हणजे किती आजारी?" साहेबांनी विचारलं.

"अन्न सोडलंय. भिंतीकडे तोंड करून पडलेत. इमामसाहेब येऊन उशाशी बसून गेले."

"छान," साहेब म्हणून गेले आणि लगेच सावरले. "म्हणजे, फार वाईट. पण अंदाजे कधी?"

"ते मी कसं सांगू साहेब?"

"सरपंच, आपल्यात माती त्याच दिवशी होते. म्हातारा सकाळी गेला तर दुपारी बुपाती दारात उभे. मी रस्ता काय जेवणाच्या सुट्टीत करू? मला आधी कळायला नको?"

 तुकिरानलाही गुरुजींनीच शिकवलं होतं. त्याची फी माफ करून घ्यायला गुरुजी उन्हातान्हाचे तालुक्याला चालत गेले होते.

"आठवड्याभरात," तो म्हणाला.

परतताना त्याला आपलीच शिसारी आली. आपण माणूस आहोत की गिधाड, असं तो स्वतःला विचारत होता, तेवढ्यात गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि तो केळीवर जाऊन आदळला. गुडघा चोळत उठला तेव्हा मन बरंच हलकं झालं होतं.

सरकार एवढ्या झपाट्याने काम करतं हे वारुलेगीने पहिल्यांदाच पाहिलं. तिसऱ्या दिवशी खडी आली, डांबर आलं, रोलर आला. मोजणीवाल्यांनी फीत हमरस्त्यापासून धरली ती थेट गुरुजींच्या पायरीला आणून टेकवली. तिथून पुढे कबरस्तानापर्यंत. मधे एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही.

गुरुजींची लेक लास्मिनी दारात उभी राहून हे बघत होती. नवरा गेल्यापासून ती वडिलांपाशीच राहायची.

"तुकिरानदादा, रस्ता नेमका आमच्या दारावरूनच का नेताय?"

"गुरुजींचा मान आहे तो," तुकिरान म्हणाला आणि खडीच्या ढिगाकडे बघत राहिला.

डांबर गुरुजींच्या दारापर्यंत पोचलं. त्याच्या पुढे रस्त्याखालून मोरी टाकायची होती, म्हणून आडवा खंदक खणला, चांगला पुरुषभर खोल. पहिल्याच दिवशी त्यात गावाची पाण्याची पाइप फुटली. ही पाइप म्हणजे काही गंगा नव्हती. सकाळी तासभर धार यायची, तीही करंगळीएवढी. पण गावाच्या चुली त्या करंगळीवर चालायच्या. पाणी खात्याचा माणूस आला, वरचा व्हॉल्व्ह बंद करून गेला आणि म्हणाला, मोरी झाली की जोडून देतो. दोन दिवसांचा प्रश्न होता. बायका नदीवर जाऊ लागल्या. मरणघरात आणखी कटकट नको म्हणून कोणी कुरकुर केली नाही.

आणि नेमकं त्याच वेळी गुरुजींना बरं वाटायला लागलं.

दोष रोलरचा होता. अंथरुणाशेजारच्या भिंतीपलीकडे दिवसभर ते धूड धडधडत होतं. निम्म्या मेलेल्या माणसालाही त्यात झोप लागणं शक्य नव्हतं. गुरुजींनी डोळे उघडले आणि हा कसला आवाज, असं विचारलं. रस्ता होतोय म्हटल्यावर ते विश्वासच ठेवीनात. मला दाखवा म्हणाले. लास्मिनीने त्यांना धरून ओसरीत आणलं, खुर्चीवर बसवलं. त्यांनी रोलर पाहिला, डांबराचा वास छातीभरून घेतला आणि भात मागितला. वर मिरचीची चटणीही.

रोलरवाल्याने ही बातमी इमानेइतबारे वर कळवली. संध्याकाळी सुदिब्यो साहेबांचा फोन.

"सरपंच, म्हातारा दोन वेळा जेवला म्हणे."

"हो साहेब. अल्लाची कृपा."

"कृपा आहेच हो. पण तुम्ही मला आठवडा सांगितला होता."

"आता माणूसच बरा झाला तर मी काय करू?"

"तुम्ही काही करू नका. मीच रोलर हलवतो. पलीकडच्या तालुक्यात एका आमदारांच्या आई अत्यवस्थ आहेत. तिथे डॉक्टरांनी लेखी दिलंय."

दुसऱ्या दिवशी रोलर गेला. खडी गेली. मजूर गेले, जाताना गुरुजींच्या पाया पडून गेले. राहिला तो खंदक. या बाजूला गुळगुळीत डांबर आणि गुरुजींचं घर. त्या बाजूला सगळं गाव, मशीद आणि कबरस्तान. ये-जा करायला लोकांनी दोन बांबू टाकले.

तुकिरान पाणी खात्यात गेला. ते म्हणाले, मोरी झाल्याशिवाय आम्ही पाइप जोडणार नाही, बांधकामवाले पुन्हा फोडतील. तो बांधकाम खात्यात गेला. ते म्हणाले, पाइप जोडल्याशिवाय आम्ही मोरी टाकणार नाही, पाणीवाले पुन्हा खणतील. दोघांचंही खरं होतं. दोघांनाही अनुभव होता. तुकिरान या कचेरीतून त्या कचेरीत इतक्यांदा गेला की दोन्हीकडचे शिपाई त्याला न विचारता साखर जास्त घातलेला चहा देऊ लागले. पाणी मात्र कोणी देईना.

गावात आता एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. नदीवरून घागरी घेऊन येणाऱ्या बायका गुरुजींच्या ओसरीशी थबकून तब्येत विचारू लागल्या. झोप लागली का? लागली. जेवण गेलं का? गेलं की. हे ऐकून त्यांचा चेहरा जरासा पडायचा आणि मग तो पडल्याची त्यांनाच लाज वाटायची. दुसऱ्या दिवशी त्याच बाया गुरुजींना केळफुलाची भाजी आणून द्यायच्या. वाईट कोणीच नव्हतं. पण रोज दोन कोस पाणी वाहिल्यावर माणसाच्या मनात काय काय येतं, ते त्या माणसाने न बोललेलंच बरं.

एक दिवस गुरुजींनी तुकिरानला बोलावून घेतलं.

"काम का थांबलं रे?"

"ते… डांबर संपलं, गुरुजी."

"खोटं बोलताना तुझा डावा कान अजून लाल होतो, गाढवा."

तुकिरानने डाव्या कानावर हात नेला. शेवटी लास्मिनीच आतून बाहेर आली. कोणाकडून तरी तिला सगळं कळलं होतं. "मी सांगते, बाबा. हा रस्ता तुमच्या मयतीसाठी होता. तुम्ही मेला नाहीत, म्हणून थांबला. तारीख या दादांनी दिली होती."

 तुकिरानला वाटलं, समोरचा खंदक आणखी थोडा खोल असता तर बरं झालं असतं. गुरुजी मात्र हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला लागला. लास्मिनीने पाठ चोळली.

"किती मुदत दिली होतीस?"

"आठवडा."

"गणितात तू कच्चाच होतास." गुरुजींनी डोळे पुसले. "आणि तो बुपाती. खरं सांगू का, मला तो पोरगा आठवतच नाही. मी सगळ्यांनाच एका पायावर उभं करायचो, हा त्यातला कोणता?" मग त्यांची नजर खंदकाकडे गेली. "असं कर. मी जिवंत असतानाच त्याला भेटीला बोलाव. म्हणावं, गुरुजींची इच्छा आहे."

तुकिरान धावतच कचेरीत गेला. सुदिब्यो साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"जिवंत माणसाला बुपाती निवडणुकीच्या वर्षी भेटतात, सरपंच. निवडणूक झाली मागच्या वर्षी."

हे उत्तर गुरुजींना सांगायची तुकिरानची हिंमत झाली नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. फक्त एक झालं. लास्मिनीला आपल्यासाठी जास्त खेपा पडू नयेत म्हणून ते पाणी कमी पिऊ लागले. आंघोळीला नको म्हणू लागले. आणि एकदा ती नदीवर गेली असताना तहान अनावर झाली, तेव्हा त्यांनी न उकळलेलं पाणी तसंच घागरीतून ओतून घेतलं. नदीच्या त्या पाण्याने गावातली निम्मी पोरं आधीच पोट धरून बसली होती. पोरं बरी झाली. गुरुजींचं वय झालेलं होतं. पोट बिघडलं ते थांबेचना, आणि एका सकाळी लास्मिनीने हाक मारली तर त्यांनी ओ दिली नाही.

तुकिरान ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिला. रस्ता व्हावा म्हणून आपण गुरुजींचं मरण सांगून आलो. त्या रस्त्याने पाइप फोडली. त्या पाइपेने गुरुजींना मारलं. त्याने दिलेला शब्द, थोडा उशिरा का होईना, त्याच्याच हातून खरा झाला होता. सवयीने त्याने फोन लावला.

"अरेरे," सुदिब्यो साहेब म्हणाले. "आणि आत्ता? बुपाती परदेशात आहेत हो."

"परदेशात कशाला?"

"अभ्यासदौरा. तिकडे रस्ते आणि पाणीपुरवठा कसा करतात ते बघायला सगळे गेलेत. पाणी खात्याचे साहेबही बरोबर आहेत. पण काळजी करू नका, आम्ही इथून योग्य ते पाठवतो."

मयताला आंघोळ घालायला पाणी नव्हतं. लास्मिनीने रिकाम्या रांजणात हात घालून पाहिला आणि तुकिरानकडे बघितलं. त्या बघण्यापुढे शिव्या परवडल्या असत्या. त्याने मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं. अर्ध्या तासात बांबूंवरून एकेक बाई तोल सांभाळत आली. कोणी अर्धी बादली, कोणी किटली, कोणी चहाला उकळून ठेवलेलं पातेलं. घरात होतं नव्हतं तेवढं पाणी सगळ्यांनी गुरुजींच्या अंगावर घातलं. त्या दिवशी वारुलेगीत कोणाच्याही घरी चूल पेटली नाही.

जनाजा उचलायच्या वेळेला हमरस्त्यावरून एक छोटा टेम्पो नव्या डांबरावरून सरसर आला. त्यातून दोन माणसांनी दारापेक्षा मोठा फुलांचा फलक उतरवला. जाड लाकडी फळी, वर पिवळी-जांभळी कागदी फुलं, आणि मधे हातभर अक्षरांत: भावपूर्ण श्रद्धांजली. खाली बुपातींचं नाव, हुद्दा, सगळ्या पदव्या. गुरुजींचं नाव एका कोपऱ्यात बारीक होतं.

पंचाईत वेगळीच होती. सहा माणसं खांद्यावर जनाजा घेऊन दोन बांबूंवरून जाणार कशी? पोरं खंदकात उतरून खालून झेलतो म्हणाली. इमामसाहेबांनी कानांवर हात ठेवले. तुकिरानने खंदकाकडे पाहिलं, मग फलकाकडे पाहिलं.

"ते बांबू फेका खाली," तो म्हणाला. "हा आडवा टाका."

"अक्षरं वर की खाली, सरपंच?"

"वर."

फलक खंदकावर बरोबर बसला, जणू माप घेऊनच केला होता. गुरुजी त्यावरून गेले. मागून सगळं गाव गेलं, चिखलाच्या पायांनी, बुपातींच्या एकेका पदवीवर पाऊल देत. सरकारने वारुलेगीत पुरं केलेलं ते एकमेव काम होतं आणि ते मजबूत होतं, हे कबूल करायलाच हवं.

दफन उरकून लोक घरोघरी गेले. तुकिरान एकटा फलकावरून परत लास्मिनीकडे आला. तिची क्षमा मागायची होती. ओसरीत ती गुरुजींची खुर्ची पुसत होती.

"लास्मिनी, मी—"

"दादा, आज नको," ती म्हणाली आणि खुर्ची घेऊन आत गेली.

तो पायरीवर बसून राहिला. तेवढ्यात दुपारचा टेम्पो पुन्हा आला. फुलवाल्याचा माणूस खाली उतरला, इकडेतिकडे बघत म्हणाला, "काका, आमचा फलक कुठाय?"

"तुमचा? तो बुपातींचा ना?"

"फुलं त्यांची. फळी आमची. भाड्याची असते ती. संध्याकाळी दुसऱ्या मयताला जायचीय, पलीकडच्या तालुक्यात. नाव बदलायचं फक्त."

पलीकडच्या तालुक्यातली आमदारांची आई, तुकिरानच्या मनात आलं. म्हणजे तिथला रस्ता वेळेवर झाला असणार. त्याने काही वाद घातला नाही. वाद घालायचं त्राणच उरलं नव्हतं. एका बाजूने त्याने धरलं, दुसऱ्या बाजूने फुलवाल्याने, आणि चिखलाने माखलेला फलक दोघांनी मिळून टेम्पोत चढवला. फुलवाल्याने आभार मानले. टेम्पो गुळगुळीत रस्त्यावरून आवाज न करता निघून गेला.

मग तुकिरानच्या ध्यानात आलं की आपलं घर खंदकाच्या पलीकडे आहे.

बांबू खाली पडले होते. उडी मारायचं त्याचं वय नव्हतं. इकडेतिकडे बघून त्याने लुंगी वर खोचली, कडेला बसला आणि घसरत घसरत तळाला गेला. तळाशी फुटकी पाइप पडली होती, कोरडी ठणठणीत. वर चढायला पाय ठेवावा तर माती ढासळायची. दोनदा चढला, दोनदा खाली आला. शेवटी तो पाइपेवरच बसला, आणि सकाळपासून जे अडून राहिलं होतं ते आलं. गुरुजी तालुक्याला चालत गेले होते तेव्हा त्यांच्या पायात चप्पलही नव्हती, हे त्याला आठवलं, आणि गावचा सरपंच खंदकात बसून लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

वरून पावलं वाजली. नदीवर निघालेली शेजारची विनार्ती दोन बादल्या घेऊन काठावर थांबली आणि वाकून खाली बघू लागली. सरपंचाला पाइपेपाशी बसलेला पाहून तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

"काम सुरू झालं होय, सरपंच?"

तुकिरानने बाहीने नाक पुसलं.

"पाहणी चालू आहे," तो खालूनच म्हणाला.