खांबेटेकाकांचं पान

आमच्या इमारतीत मला ताई म्हणणारे आहेत, वहिनी म्हणणारे आहेत, मॅडम म्हणणारा वॉचमन आहे. खांबेटेकाका मला चारशे सतरा म्हणतात.

मतदारयादीतला तो माझा अनुक्रमांक. बारा वर्षांपूर्वी आम्ही पर्वतीच्या पायथ्याशी या इमारतीत राहायला आलो आणि वर्षभराने आमची नावं इथल्या यादीत लागली. ती लागल्याचं आम्हाला कळण्याआधी काकांना कळलं. सकाळी बेल वाजली. दारात पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन्सिली आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद, असे एक गृहस्थ उभे.

"अभिनंदन. आपण चारशे सतरा झालात. आपले यजमान चारशे अठरा. क्रम मी ठरवलेला नाही, तेव्हा घरात वाद नको."

एवढं बोलून ते जिना उतरून गेले. पुढे यादी दोनदा नव्याने निघाली, माझा आकडा बदलला. काकांनी ते कधी मान्य केलं नाही.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तळमजल्यावर एका खोलीच्या घरात एकटे राहतात. लग्न केलं नाही. का, ते कोणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, रेशनची साखर आणायची राहून जावी तसं. विशीत असताना एका पक्षात गेले आणि तिथेच राहिले. पद मिळालं नाही, तिकीट मागितलं नाही. सभेच्या आधी सतरंज्या घालायच्या, सभेनंतर उचलायच्या. मग केव्हातरी पक्षाने यादीचं एकेक पान एकेका कार्यकर्त्याला वाटून दिलं. पानावरच्या माणसांना मतदानाला नेणं ही त्याची जबाबदारी. काकांना आमच्या इमारतीचं पान मिळालं. बाकीचे कार्यकर्ते निवडणूक झाली की पान विसरून जातात. काकांनी ते बारमाही चालवलं.

पानाच्या समासात बारीक अक्षरात पेन्सिलीने नोंदी असत. कोणाची मुलगी बाळंतपणाला आली आहे, कोणाला ऐकू कमी येतं, कोण दुपारी दोन ते चार दार उघडत नाही. कोणाकडे काही नवं घडलं की काका बेल वाजवून चौकशी करत आणि "नोंद घेतली आहे" म्हणून निघून जात. कोणी या म्हटलं तर एकच उत्तर असे, "पक्षाच्या कामासाठी आलो आहे." सुनेशी भांडण झालं होतं तेव्हा आमच्या शेजारच्या आजींना चार दिवस रोज येऊन "काय परिस्थिती?" असं विचारणं हे पक्षाचं कोणतं काम, ते पक्षालाही सांगता आलं नसतं.

माझ्या नवऱ्याने एकदा मतदानाच्या सुट्टीला जोडून रजा घेतली आणि आम्हाला महाबळेश्वरला नेलं. परतलो तर काका फाटकाशी उभे. मला नमस्कार केला. नवऱ्याकडे न पाहता म्हणाले, "चारशे सतरांना नेण्यात आलं. चारशे अठरा गैरहजर. नोंद घेतली आहे." पुढचे तीन महिने ते माझ्यामार्फत त्याच्याशी बोलत होते. तोही मग सकाळी हिंजवडीची बस पकडायला मागच्या फाटकाने जाऊ लागला.

सगळ्यात जास्त फेऱ्या मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या गुर्जरसरांकडे. सर राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि काकांच्या पक्षाचे जाहीर विरोधक. दर रविवारी काका वर जायचे आणि अर्धा तास दोघांचे आवाज जिन्यात ऐकू यायचे.

"अहो खांबेटे, माझं मत तुम्हाला मिळणार नाही हे तीस वर्षं ठाऊक आहे. मग येता कशाला?"

"मत तुमचं असेल. आपण यादीत आमच्या आहात."

सरांना हृदयाचा झटका आला तेव्हा त्यांचा मुलगा परदेशातून पोचेपर्यंत दोन दिवस दवाखान्याच्या बाकावर काका बसून होते. नर्सने नातं विचारलं. काका म्हणाले, "विरोधक."

महापालिकेच्या निवडणुका काही वर्षं लांबत गेल्या होत्या. त्या एकदाच्या जाहीर झाल्या तेव्हा काकांच्या अंगात वारं शिरलं. प्रभागातून चार जण निवडायचे, म्हणजे प्रत्येकाने चार मतं द्यायची. हे लोकांना समजणार नाही अशी त्यांची खात्री होती. त्यांनी बुटांच्या खोक्याचं मतदानयंत्र बनवलं, चार बटणं चिकटवली आणि आत जुन्या दारावरची बेल बसवली. चारही बटणं दाबली तरच ती वाजे. पार्किंगमध्ये सगळ्यांना एकेक करून बोलावलं. आजींनी तीन बटणं दाबली आणि निघाल्या.

"कुठे निघालात? यंत्र आपल्याला सोडत नाहीये."

"मला तिघंच बरे वाटले."

"चौथा वाईट वाटला तरी निर्णय द्यावा लागतो, आजी."

अर्ज भरायचा शेवटचा दिवस आला आणि काकांच्या पक्षाने चौथी उमेदवारी आप्पांना दिली.

आप्पा म्हणजे आमचे पूर्वीचे नगरसेवक, समोरच्या पक्षाचे. आदल्या दिवशी संध्याकाळी ते काकांच्या पक्षात आले होते. कोपऱ्यावर पिंपळाखाली पूर्वी वर्तमानपत्रं वाचायचा कट्टा होता. सकाळी सात ते दहा तिथे आठ-दहा म्हातारी माणसं बसत, त्यांत काकाही असत. आप्पांनी आपल्या कारकिर्दीत तो कट्टा काढला आणि तिथे स्वतःचं संपर्क कार्यालय बांधलं. काकांनी त्यावर अर्ज केले, स्मरणपत्रं दिली, महापालिकेत खेटे घातले. कट्टा परत आला नाही. त्या आठ-दहांपैकी बरेच जण एव्हाना गेले होते. आप्पांना मत का द्यायचं नाही, हे काका पंधरा वर्षं दारोदार सांगत आले होते.

आता ते संपर्क कार्यालय काकांच्या पक्षाचं प्रचार कार्यालय झालं. मतदारांच्या चिठ्ठ्या तिथूनच आणायच्या होत्या. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला जाते, माझा रस्ता तिथूनच. एका सकाळी पाहिलं तर काका बाहेर पायरीवर उभे होते. आतल्या मुलीने, "काका, आत या ना, चहा घ्या," म्हणून बोलावलं. "इथे बरं आहे," असं म्हणून त्यांनी हात लांब करून चिठ्ठ्या घेतल्या.

संध्याकाळी ते पत्रकं घेऊन आमच्याकडे आले. दर निवडणुकीला ते उमेदवाराबद्दल पाच मिनिटं बोलत. या वेळी पत्रक हातात दिलं आणि म्हणाले, "वाचून घ्या."

"तुमचं काय मत आहे, काका?"

"कार्यकर्त्याला मत नसतं. मतदाराला असतं. मी सध्या कार्यकर्ता आहे."

रविवारी ते गुर्जरसरांकडे गेले. मी जिन्यात मुद्दाम रेंगाळले. आज सर सोलून काढणार, असं मला वाटत होतं. पण आवाज आला नाही. दहा मिनिटांत काका खाली उतरले.

"काय म्हणाले सर?" मी विचारलं.

"काही म्हणाले नाहीत. चहा दिला." काका कठड्याला धरून थोडे थांबले. "बोलायला हवं होतं त्यांनी."

मतदानाच्या दिवशी सकाळी सातपासून काका शाळेजवळच्या पक्षाच्या टेबलाशी बसले होते. मधूनमधून इमारतीत येऊन ज्यांना चालवत नाही त्यांना रिक्षाने घेऊन जात. नवरा त्या दिवशी पहिल्या दहांत मत देऊन आला आणि काकांना बोट दाखवून घरी परतला. तेव्हा काका त्याच्याशी थेट बोलले, "ठीक."

दुपारी ते जेवायला घरी आले नाहीत, म्हणून पाच वाजता मी डब्यात पोहे घेऊन गेले. साडेपाचला मतदान संपणार होतं. टेबलावर त्यांचं पान होतं. प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण. एकच ओळ कोरी होती, तिच्यातल्या नावावर काकांचा हात होता.

"हे चारशे नऊ कोण राहिलंय? मी बोलावून आणते."

"ते इथेच आहेत," काका म्हणाले.

मी त्यांच्या बोटाकडे पाहिलं. शाई नव्हती.

"काका, अर्धा तास आहे. शाळा समोर आहे."

"शाळा कुठे आहे ते मला माहीत आहे." मग आवाज उतरवून म्हणाले, "तीन बटणं आनंदाने दाबीन. चौथ्यावर आप्पा आहेत. तिथे माझं बोट जात नाही."

"मग चौथ्याला नोटा दाबा."

"पन्नास वर्षं सतरंज्या उचलल्या, त्या काय नोटा दाबायला?"

"नाहीतर दुसऱ्या कोणाला—"

"ते तर नाहीच."

मी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. तेवढ्यात गुर्जरसर काठी टेकत आले. त्यांनी सकाळीच मत दिलं होतं. त्यांनी पानावरून नजर फिरवली, कोऱ्या ओळीशी थांबले, काकांच्या हाताकडे पाहिलं. मग पलीकडची प्लास्टिकची खुर्ची ओढून काकांच्या शेजारी बसले. तीस वर्षांत सर त्या पक्षाच्या टेबलाशी कधी बसले नव्हते. येणारेजाणारे वळून पाहत होते.

"पोहे खा, खांबेटे," सर म्हणाले. "गार होतील."

काकांनी पोहे खाल्ले. साडेपाचला पोलिसाने शाळेचं फाटक लावलं. काकांनी खिशातली पेन्सिल काढली, चारशे नऊपुढे 'गैरहजर' असं लिहिलं, आणि पान पिशवीत घातलं.

आप्पा निवडून आले. मिरवणूक आमच्या फाटकावरून गेली. ढोलताशे होते, गुलाल होता. काकांची खिडकी बंद होती. दुसऱ्या दिवशी ते पान परत करायला कार्यालयात गेले. "टाकून दिलं तरी चालेल काका, सगळं मोबाइलवर आहे," असं त्यांना तिथे सांगितलं. त्यांनी ते तरीही टेबलावर ठेवलं आणि पक्षाच्या कामातून मोकळं करावं असं चिठ्ठीत लिहून दिलं. हे मला सरांनी सांगितलं.

त्यानंतर तीन आठवडे काकांनी कोणाची बेल वाजवली नाही. सर म्हणाले, रविवारीही आले नाहीत. मी जातायेता त्यांच्या दाराकडे बघत असे. आत रेडिओ लागलेला असायचा. दार वाजवावं असं दोनदा मनात आलं, पण काय काम आहे म्हणून विचारलं तर सांगणार काय, या विचाराने मी पुढे गेले. बारा वर्षांत आम्ही कोणीच त्यांचं दार वाजवलं नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं. वाजवायची वेळच आली नव्हती. तेच येत असत.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात काका. खिशाला पेन्सिल नाही, हातात काही नाही. हात कुठे ठेवावेत हे कळत नसल्यासारखे ते एकदा चौकटीला लावत होते, एकदा मागे घेत होते.

"काही काम होतं का, काका?" तोंडातून निघून गेलं आणि लगेच मी जीभ चावली.

"काम तसं नाही." ते बराच वेळ आठवत राहिले. "तुमचा गुडघा कसा आहे, विचारायला आलो."

माझा गुडघा आजवर कधी दुखलेला नाही. तो शेजारच्या आजींचा.

"दुखतोय अजून," मी म्हटलं. "उभं राहवत नाही फार. आत येऊन बसता का थोडं?"

काकांनी चपला काढल्या.