चिमूटभर सोडा

डॉक्टर अरविंद बोरगावात उतरला तेव्हा त्याच्या झोळीत रिकाम्या शीश्या होत्या आणि डोक्यात एकच किडा होता. त्याला लघवी काळी पडणारा माणूस हवा होता. हा आजार आईबापाकडून येतो, नात्यात लग्नं झाली की जास्तच, आणि एरवी लाखांत एखाद्यालाच असतो. तरुणपणी काही दुखत नाही, खुपत नाही. लघवीत धुण्याचा सोडा टाकला की ती काळी पडते, एवढंच. चाळिशीनंतर मात्र सांधे धरतात. असं एक घर त्याला पांढुर्ण्यात सापडलं होतं. दुसरं सापडलं तर संशोधन पुरं होणार होतं, नाही तर नागपूरचे त्याचे सर सगळंच बाद करणार होते. सौंसरच्या आसपासची गावंच्या गावं त्याने पालथी घातली, आणि हाती काय लागलं, तर लोकांनी प्रेमाने दिलेली संत्री.

नत्थूजींच्या ओसरीवर बसून त्याने आपलं नाव-गाव-आडनाव सांगितलं आणि नेहमीचं विचारायला घेतलं. बाईंचं माहेर कुठलं, मामा कोण, नात्यात लग्नं झालीत का, खानदानात काही आजार? आता तुम्हीच सांगा, लगीनसराईच्या तोंडावर एक शिकलेला, चष्मेवाला, बिनलग्नाचा पोरगा ओसरीवर बसून हे सगळं विचारतो, तर लग्नाची मुलगी घरात असलेल्या बापाने काय समजावं? नत्थूजींनी बायकोला डोळ्यानेच खूण केली. पंचफुलाबाईंनी पोह्यांची कढई चढवली आणि इंदूला साडी बदलायला पिटाळलं.

"आमच्या घरी कोनाले साधी सर्दीबी होत नाही बाप्पा," नत्थूजी म्हणाले.

आत त्यांची म्हातारी आई खोकत होती. तिला ठसका लागला म्हणून त्यांनी सांगून टाकलं.

अरविंद हिरमुसला. आजाराचं विचारलं की प्रत्येक गावात माणसं अशीच एकाएकी धडधाकट होत. तेवढ्यात इंदू पाणी घेऊन आली. ती गावच्या शाळेत शिकवायची, आणि चुकलेलं गणित पाहावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही संशोधनाला लागतं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग भानावर येऊन झोळीतल्या शीश्या काढल्या आणि घरातल्या प्रत्येकाची लघवी मागितली.

नत्थूजी शीश्या घेऊन आत गेले. आत बरीच कुजबुज झाली आणि मागचं दार वाजलं. आधी पत्रिका पाहत, आता हे पाहतात, शहरात तसंच असेल, असं नवराबायकोचं बोलणं झालं, हे त्याला नंतर कळलं. पण शीश्या आल्या त्या झटपट, आणि सगळ्या गळ्यापर्यंत भरून. अरविंदला या घराच्या शिस्तीचं फार कौतुक वाटलं.

त्याने प्रत्येक शीशीत सोड्याची चिमूट टाकली आणि चहाची बशी उचलली. चहा अर्धा व्हायच्या आत म्हातारीची शीशी वरून तपकिरी होऊ लागली, मग काळी. अरविंद बशी धरूनच पुढे वाकला. पाठोपाठ नत्थूजींची, मग पंचफुलाबाईंची, शेवटी इंदूची. आनंदाने त्याच्या हातातली बशी कलंडली. आणि तसाच तो थबकला. मुलगा आणि नात एक वेळ समजू, पण सासूचं आणि परक्या घरून आलेल्या सुनेचं एकच? हे कुठल्याच शास्त्रात बसत नव्हतं. तो शीश्यांकडे आणि माणसांकडे आळीपाळीने पाहत राहिला.

पंचफुलाबाईंचा धीर सुटला. "आमच्यातलं कोनाचंच नाही जी ते. शेजारच्या गुनवंताचं हाय. त्याच्यासारखा तब्येतीचा मानूस गावात नाही, म्हनून त्याच्याकडून भरून आनलं. पोरीचं जमता जमता मोडाले नको."

"काय जमतंय?" अरविंदने विचारलं.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

गुणवंताला बोलावणं गेलं. कापसाचं गाठोडं एका हाताने उचलणारा तो गडी. काळ्या शीश्या पाहून तो मुळीच दचकला नाही. "माहं तं असंच हाय," तो म्हणाला. "लहानपनी माय लंगोट धुवे तं साबनानं काळे पडत. कोनी विचारलंच नाही कधी." त्याची माय त्याच्या बापाच्या मामाचीच मुलगी निघाली. अरविंदला दुसरं घर सापडलं होतं. त्याचे डोळे चक्क भरून आले. त्याने गुणवंताला सगळं नीट समजावलं, आत्ता भिण्यासारखं काही नाही, पण पुढे सांधे कुरकुरले तर नागपूरला सरळ माझ्याकडे ये, म्हणून बजावलं.

मग लाजत लाजत त्याने नत्थूजींना सांगितलं की तो मुलगी पाहायला आलाच नव्हता. नत्थूजींचा चेहरा पडला. पंचफुलाबाई पोह्यांच्या बशा गोळा करू लागल्या. अरविंदने झोळी खांद्याला लावली, पण पाय काही उचलेना.

"तसा आलो नव्हतो," तो चपलांकडे पाहत म्हणाला, "पण आलोच आहे, तर..."

इतका वेळ दाराला टेकून उभी असलेली इंदू पुढे झाली. तिने त्याच्या झोळीतली एक रिकामी शीशी काढून त्याच्या हातात दिली. दुसऱ्या हाताच्या चिमटीत सोडा होता.

"मागं गोठा हाय," ती म्हणाली. "भरून आना. मंग बोलू."

अरविंद मुकाट्याने गोठ्याकडे गेला. परत आला तेव्हा नत्थूजी, पंचफुलाबाई, खोकणारी म्हातारी आणि गुणवंता, सगळे ओसरीवर चहाच्या बशा घेऊन रंग पाहायला बसले होते.