बटाट्यापासून तेलाचे संरक्षण

२००३ साली अन्नतपासणी कार्यालयाच्या उपाहारगृहात कढईत बटाटा सोडायला मनाई झाली, आणि ती अगदी रीतसर झाली.

उपाहारगृह चालवणाऱ्या मावशींचा जीव टांगणीला लागला होता. तेल तपासणीत नापास झाले तर ठेका जाणार होता. तो घ्यायला कार्यालयाच्या मोठ्या साहेबांचे मेहुणे नवा एप्रन शिवून तयारच होते.

तेलतज्ज्ञांनी मार्ग काढला. "मावशी, वनस्पतींत स्टेरॉल नावाची द्रव्यं असतात. त्यांतली काही तापलेल्या तेलाला लवकर बिघडू देत नाहीत. ती जास्त असलेलं तेल घ्या."

"हृदयालाही बरं म्हणतात ना?"

"हृदय आमच्या विभागात येत नाही."

नवे तेल नुसते तापवले तेव्हा उत्तम ठरले. दुसऱ्या दिवशी मावशींनी त्यात बटाट्याच्या काचऱ्या तळल्या आणि ते काळवंडले. समिती बसली. स्टेरॉल निर्दोष सुटले. बटाट्यातले पाणी आणि तळाशी राहणारा चुरा दोषी ठरले. पुरावा समितीने चहाबरोबर संपवला. तेलाच्या हितासाठी कढईत काहीही सोडू नये, असा हुकूम निघाला.

"अहो साहेब, मग लोकांनी खायचं काय?"

"तुमचा ठेका तेलावर टिकतो की लोकांवर?"

मावशींनी पदराने घाम टिपला. "तेलावर, साहेब."

मग रोज रिकामी कढई तापू लागली. गिऱ्हाईक रांगेने येई, "काय सोनेरी रंग आहे हो!" म्हणे आणि घरचा डबा उघडे. एक कारकून कढईवर शिंकला, तेव्हा मध्ये दोरी बांधली गेली.

तरी महिन्याभरात तेल घट्ट झालेच. बिचारे स्टेरॉल किती झुंजणार! या वेळी विस्तव दोषी ठरला, पाठोपाठ हवा. शेवटी तेलाची सीलबंद बाटली कपाटात ठेवली गेली आणि तापवलेल्या तेलाच्या टिकाऊपणाचा प्रश्न कायमचा सुटला.

ठेका मावशींकडेच राहिला. त्यांची कंबरदुखी गेली, पण हाताची चवही गेली. तज्ज्ञांना बढती मिळाली. मेहुण्यांनी रस्त्यापलीकडे तळणाचा गाडा टाकला. समिती रोज तिथेच खाई, म्हणून तिथले तेल तपासण्याचे धाडस कोणी केले नाही. साहेबांना निवृत्तीनंतर डॉक्टरांनी तळण बंद केले.

तुमचे हसून झाले असेल, तर परवाच्या तळणाचे गाळून ठेवलेले तेल उद्या कोणत्या पाहुण्यांसाठी काढणार आहात, तेवढे सांगा.